माळ्यावरची राखण

दुष्काळानंतर पहिल्यांदाच ज्वारी दाण्यांनी भरली होती. जळगावच्या नव्या धावपट्टीलगतच्या त्या शेतात पाखरांचा थवा उतरला, तरी राखणीच्या उंच माळ्यावरची बेबाबाई गोफण मांडीवर ठेवून गप्प बसली होती. वर विमान घिरट्या घालत होतं.

"का वं, झोपली का?" तिचा नवरा तोताराम बांधावरून ओरडला. "पाखरं उडव."

"इमान उतरू द्या आधी. मागं मी उडवलेलं पाखरू त्याच्या काचेवर आदळलं होतं. आत मानसं असतात."

विमान सुखरूप टेकलं, तेव्हा कुठं तिनं गोफण फिरवली. तोतारामनं पाखरांनी अर्धी खाल्लेली कणसं हातात धरून पाहिली.

संध्याकाळी पारावर मात्र तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजचं इमान माह्या बायकोनं उतरवलं."