ओठांवर बसलेला आवाज

डबिंगच्या दिग्दर्शकाला असल्या जपानी ॲनिमे मालिकांचा मनस्वी तिटकारा होता. पहिल्याच भागात गाव जाळायचं, एक पोर अनाथ करायचं, की झाली म्हणे काळोखी दुनिया!

"ताई, हा राक्षस आहे की पडसं झालेला कारकून?" काचेपलीकडे राक्षसाला आवाज देणाऱ्या कलाकार बाईंवर तो खेकसला.

"सर, माझे शब्द त्याच्या ओठांवर बसतच नाहीत," ती चाचरत म्हणाली. "तुमचे मात्र नेमके बसतायत."

तो तुच्छतेने हसला. पडद्यावरचा राक्षसही हसला.

दिग्दर्शकाने चित्र थांबवलं. तरी ते ओठ हलतच राहिले.

"पळा" असं त्याला ओरडायचं होतं. पण आधी राक्षसाचे ओठ उघडले आणि मग त्याच्या स्वतःच्या तोंडून, आयुष्यात कधी नव्हे इतक्या गोड आवाजात शब्द निघाले, "छान झालं, ताई. या बाहेर."

सुखावून तिने काचेच्या खोलीच्या दाराची कडी काढली.