गोलपोस्टची जाळी

जिल्हा फुटला, गोलकीपर केवळरामचं गाव गोंदियात गेलं आणि त्याच आठवड्यात साकोलीच्या हँडबॉल क्लबच्या एका गोलपोस्टची जाळी नाहीशी झाली. बऱ्याच वर्षांनी क्लबचा इतिहास लिहिताना सचिव मधुकररावांना केवळरामचं नाव चोर म्हणून घालायचं होतं. फक्त पुरावा हवा होता. ते बायकोला घेऊन त्याच्या गावी सामना पाहायला आले आणि मध्यंतरात जाळीपाशी गेले. फाटलेल्या ठिकाणी लाल सुताच्या विणकरी गाठी होत्या. तशा गाठी मारणारं क्लबमध्ये एकच घर होतं, त्यांचं. “हे आमचीच जाळी हाये! काहून चोरली बे?” “सूत त पाहा, भाऊ,” केवळराम म्हणाला. त्यांनी चष्मा पुसला. जाळी जुनीच होती, पण गाठी ताज्या. परवाच घरच्या मागावर चढवलेल्या सुताच्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “तुमाले इचारलं असतं, त देली असती का तुमी?” लाल सुताची गुंडी पिशवीत सारत ती म्हणाली.