उरलेलं उद्या

“आई, ऐक. कुठं जोडलंय ते ओळखूच येणार नाही,” अनघा म्हणाली.

शालनताईंनी डोळे मिटले. लहानपणी त्यांना झोप लागली की आई पाळणा गाता गाता अर्ध्यावर सोडायची आणि कुजबुजायची, “उरलेलं उद्या.” वडिलांच्या जुन्या कॅसेटवरही तेवढाच पाळणा होता. तो रेकॉर्ड केला आणि पुढच्याच आठवड्यात आई गेली. आता लेकीनं यंत्राकडून उरलेली कडवी रचून, आजीच्याच आवाजात गाऊन घेतली होती.

जोड खरंच कळला नाही. पाळणा शेवटपर्यंत गेला आणि थांबला. शालनताई तरीही कान लावून बसल्या.

“नाही आवडलं?”

“छान झालंय गं. पण गाणं संपलं ना... आता आई परत कशाला येईल?”