नऊ वाजून दहा मिनिटं

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ होती आणि तिच्या टोकाला एक रेघ लुकलुकत होती. थोरलीने ती ओळ वाचली आणि खुर्ची मागे सरकवून ती उठली.

"आई, मशीन चालू असताना भिंतीवरचं बटण बंद केलंस ना?"

"रोजच करते," आई म्हणाली. "नऊला लावते, नऊ दहाला बंद करते. तीन वर्षांत कधी कुरकुरलं नाही."

खोली धाकट्या भावाची होती. तो गेला त्या दिवशी जशी होती तशीच. खुर्चीच्या पाठीवर त्याचा राखाडी स्वेटर, भिंतीत खोचलेली नेटची वायर. आई रोज सकाळी मशीन लावायची. पडद्यावर धाकट्याचं नाव यायचं, नावाखाली पासवर्डची रिकामी चौकट. त्या नावासमोर ती दहा मिनिटं बसायची आणि उठायची. काल नेमकं त्याच दहा मिनिटांत मशीनने आपणहून अपडेट घ्यायला सुरुवात केली होती. ते निम्म्यात असताना आईने वीज तोडली.

"मग आता सगळं गेलं?"

थोरली बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होती. असल्या मशीनशी तिचा रोजचाच सामना. पण आईला समजेल असं सांगायला तिला क्षणभर थांबावं लागलं.

"तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली बोर्डावरची बाई उठून गेली तर काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? लाइनी धडधाकट, पण जोडून द्यायला कोणी नाही. लोक नुसते हॅलो हॅलो करत बसायचे."

"तसंच झालंय. मशीनला जागं करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो मोडलाय. आतलं काय शिल्लक आहे, ते बघावं लागेल."

आई जरा हसली. पुष्कळ दिवसांनी. "आमच्या मोठ्या बाई सांगायच्या, जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. पलीकडे कुणी रडत असलं तरी ऐकायचं नाही. मला मेलीला ते शेवटपर्यंत जमलं नाही. एकेकीच्या सासुरवासाच्या कथा मला तोंडपाठ होत्या."

"म्हणूनच तुला बढती मिळाली नाही."

"म्हणूनच. तू ते आधी चालू कर, मग बोलू." आई चहा टाकायला आत गेली.

थोरलीने आणलेला पेन ड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरून मशीन तात्पुरतं सुरू केलं. डिस्क शाबूत होती. बूटलोडर पुन्हा बसवायला दहा मिनिटंही लागली नसती. धाकट्याचा फोल्डरही दिसत होता, पण तो त्याने कुलूपबंद केलेला. पासवर्डशिवाय त्यातलं एक अक्षर लागणार नव्हतं, आणि पासवर्ड धाकट्याबरोबर गेला होता. मागे एक चिटोरंसुद्धा न ठेवता जीव दिला होता त्याने. पोलिसांनी गादी उसवून पाहिली होती. असं काय खुपत होतं त्याला, हे विचारायला थोरलीला जागाच उरली नव्हती. त्याचा राग अजून गेला नव्हता.

तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आईच्या बसण्याने तिची गादी मधोमध खोलगट झाली होती. तीन वर्षांत आई या गावाबाहेर एकदाच पडली होती. नातवाच्या मुंजीला आली, तीही दोन दिवसांत परत फिरली होती. माझ्याकडे कायमची ये म्हटलं की एकच उत्तर, "मशीन कोण लावेल?" हे बंद दार पुन्हा उभं करून द्यायचं, की आई रोज त्याच्यासमोर बसणार. मरेपर्यंत बसणार.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. थोरलीने डिस्क पुसायची आज्ञा टाइप केली. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. तिने हो म्हटलं. एकदा पुसलं की परत फिरणं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आपण चुकतोय असं तिला वाटत नव्हतं. एखादी दुखरी दाढ काढून टाकावी तसं वाटत होतं.

आई चहा घेऊन आली तेव्हा पडदा निळाशार होता. कुणाचंच नाव नव्हतं.

"डिस्कच गेली होती, आई," थोरली म्हणाली. "आतलं काही वाचलं नाही. नवं टाकतेय. आता तू माझ्याकडे चल."

आईने कप हळूच टेबलावर ठेवला. पडद्याकडे पाहिलं. मग खोलगट खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेला बसली.

"काहीच नाही उरलं?"

"काहीच नाही."

"सुटले म्हणायचं." तिचा आवाज अगदी साधा होता, फोनवर नंबर सांगावा तसा. "रोज ठरवून बसायची, आज उघडायचंच. बोटं पुढे व्हायची नाहीत. आज तू येणार होतीस. म्हटलं, दोघी मिळून उघडू."

"उघडणार कसं? पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"मला. पोलीस यायच्या आधी मीच चिठ्ठी उचलली होती गं," आई म्हणाली. "तिच्यात तेवढाच लिहिला होता त्याने."