पुढच्या काचेच्या आत

"बाहेरून कितीही घासा, निघणार नाही," लेन्सकाका म्हणाला. "डाग आतून आहे."

"म्हणूनच तुमच्याकडे आणली," गिऱ्हाईक म्हणालं. "पुढच्या काचेची आतली बाजू साफ करायची आहे."

"सेकंडहँड घेतली वाटतं?"

"वापरलेली आहे."

लेन्सकाकाने लेन्स खिडकीच्या उजेडात धरली. सगळा बाजार त्याला याच नावाने ओळखायचा. कॅमेरे दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते. आता कॅमेरे फोनमध्ये शिरले होते आणि दुकानात माश्या मारायची पाळी आली होती. तरी रोज सकाळी तो शटर वर करायचा. घरी तरी कोण होतं? बायको गेली. मुलगी होती, पण असून नसल्यासारखी.

"ही बुरशी नाही," तो म्हणाला. "अंगठा आहे. कुण्या शहाण्याने काच उघडून मधोमध टेकवलाय."

"निघेल ना?"

"अंगठाच आहे, नशीब नाही. बसा. चहा सांगू?"

"नको. मला लवकर परत जायचंय."

गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं. दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल.

लेन्सकाकाने लेन्सच्या तोंडाशी रबरी बूच दाबलं आणि फिरवलं. पुढची कडी अलगद सुटली. त्याने ती न्याहाळली. आधी कुणीतरी ती उघडली होती, पण कुठे ओरखडा नव्हता. हात कसबी होता. मग अंगठा असा गाढवासारखा कसा?

त्याने कडी उलटी केली आणि तसाच थबकला.

आतल्या अंगाला दोन बारीक रेघा कोरलेल्या होत्या. एक सरळ, एक वाकडी. सरळ त्याची. वाकडी मुलीची.

याच टेबलाशी ती शाळेच्या गणवेशात उभी राहायची आणि चिमटा कसा धरायचा ते शिकायची. तिने पहिल्यांदा एकटीने लेन्स उघडून पुन्हा बसवली, ती ही. त्याने ती तिलाच देऊन टाकली आणि दोघांनी आत खूण केली.

"हे कुणाला दिसणार, बाबा?"

"जो उघडेल त्याला."

पुढे तिला मुलुखभर फिरून फोटो काढायचे होते. "मग दुकान कोण बघणार?" त्याने विचारलं. शब्दाने शब्द वाढला. "या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर तुला बाप नाही," तो म्हणाला. तीही त्याचीच पोर. तिने पाऊल टाकलं. सुरुवातीला तिचे फोन यायचे. त्याने एकही उचलला नाही. मग फोन यायचे थांबले.

आणि आता ही लेन्स परक्याच्या हातात. बाकीचं सगळं विकलं असेल तर विकलं. पण हीसुद्धा?

"काय झालं, काका?"

"कुठे काय."

"आत काही दिसलं का?"

"लेन्स आहे हो, विहीर नाही."

गिऱ्हाईक हसलं नाही. उठून टेबलाशी आलं. "काही विचारायचं असेल तर विचारा. लेन्स कुठली, कुणाची..."

प्रश्न लेन्सकाकाच्या अगदी ओठांवर आले. कुठे भेटली? कशी दिसते? बरी आहे ना? पण पोटच्या पोरीची खबर गिऱ्हाइकाला विचारायची? तीही बापाची आठवण बाजारात मांडणाऱ्या पोरीची?

"मी काच बघतो," तो म्हणाला. "तिचं कूळ नाही बघत."

मऊ फडक्यावर स्पिरिट घेऊन त्याने काच मधून कडेकडे पुसली. अंगठा लहानसा होता. त्याच्या रेषा फडक्याखाली विरघळत गेल्या. मग त्याने हवेच्या फुग्याने धूळ उडवली, काच जागेवर ठेवली, कडी फिरवून बसवली. दोन्ही रेघा पुन्हा आत गेल्या.

"घ्या. आता शोधूनही सापडणार नाही."

"किती झाले?"

"राहू द्या. एका अंगठ्याचे काय पैसे घ्यायचे?" खरं तर त्या लेन्सचे पैसे त्याच्याच्याने घेववले नसते.

गिऱ्हाईक दारापर्यंत गेलं आणि परत वळलं. "काका, खरंच काही विचारायचं नाही?"

लेन्सकाकाने मान खाली घातली. टेबलावरच्या फडक्याची उगाच घडी घालत राहिला.

"दार ओढून घ्या," तो म्हणाला. "धूळ येते."

रस्ता ओलांडून गिऱ्हाईक समोरच्या इस्पितळात शिरलं. शेवटच्या खोलीत खाटेवर एक बाई पडली होती. चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटावं, इतकी ती वाळली होती. त्याने लेन्स तिच्या हातात ठेवली. तिने ती कशीबशी उजेडाकडे धरली आणि तिचा चेहरा उजळला.

"बाबांनी उघडली! मला ठाऊक होतं. म्हणून तर अंगठा अगदी मधोमध टेकवला." ती दम खायला थांबली. "तू आधी काही बोलला नाहीस ना? मी इथे आहे, आजारी आहे, असं?"

"नाही. शब्द दिला होता ना."

"हो. त्यांनी विचारलं नाही, तर मी गेल्यावरही सांगायचं नाही." तिने त्याचं बोट धरलं. "मग? विचारलं आपणहून?"

जवळच्यांना आजच बोलावून घ्या, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते.

"विचारलं," नवरा म्हणाला. "दुकान बंद करून येतोच म्हणाले."

ती दाराकडे बघत राहिली. मग उशीवरून डोकं उचलायला लागली.

"माझे केस विंचरून दे ना जरा. अशी बघून घाबरतील ते."