चौथं अक्षर

"देवूभाऊ, बरं वाटतंय ना आता?" कारखान्याच्या सुपरवायझर विपुल साहेबांनी असं विचारलं आणि देवूचे कान टवकारले. सहा वर्षांत साहेबांनी त्याला कधी भाऊ म्हटलं नव्हतं.

देवूच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. तारापूरच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून लागलेला, इलेक्ट्रिशियनचा मदतनीस. चार दिवसांपूर्वी विजेच्या पॅनलवर काम करताना तोंडासमोर पांढराफटक लोळ उठला. तेव्हापासून बोईसरच्या या हॉस्पिटलात त्याला जग नुसतं ऐकू येत होतं. आत्ता स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग फळांची पिशवी. मग कागद.

"अपघाताचा रिपोर्ट आहे," साहेब म्हणाले. "इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. तुम्ही फक्त डावा अंगठा द्या. बाकी सगळं कंपनी बघते."

साहेब वाचू लागले. नाव, वय, गाव मासवण. सगळं बरोबर होतं. "काम करताना आर्चमुळे भाजला."

"कशामुळं?"

"आर्चमुळे."

"आर्क, साहेब."

"तेच ते. आर्क म्हणा, आर्च म्हणा. इंग्रजीत दोन्ही चालतं."

देवूला वाटलं, चालत असेलही. शिकलेल्या माणसाचा शब्द खोडायचा कसा? पण आर्क म्हणजे काय, ते त्याला आता चेहऱ्याच्या कातडीनं कळलं होतं. चालू लाइनीत वीज एका तारेवरून दुसरीवर उडी घेते, तो जाळ. लाइन बंद करून द्या, असं त्यानं त्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. "बंद नाही करता येणार, जपून कर," असं म्हणणारा आवाज हाच होता.

"साहेब, त्या शब्दात अक्षरं किती हायत?"

"म्हणजे?"

"पॅनलच्या दारावर पिवळी पाटी हाय. रोज मीच पुसतो. तिच्यावर पयला शब्द आर्क. मला वाचता नाय येत, पण अक्षरं तीन हायत."

साहेब हसले. "डोळ्यांवर पट्टी, आणि अक्षरं मोजायला निघालात."

"मी मोजते," लाडकी म्हणाली.

देवूची बायको चार दिवस खाटेच्या पायथ्याशी बसून होती. इंग्रजीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. "साहेब वाचत व्हते तवा पेन कुठं व्हता, ते मी बगितलंय," ती म्हणाली, आणि तिच्या बांगड्या देवूच्या अंगावरून किणकिणत पलीकडे गेल्या. "एक. दोन. तीन." ती थांबली. "चार हायत."

"टायपिंगची चूक असेल."

"आन ह्या ओळीवरून पेन गेला, पण साहेब काय बोललेच नाय."

"ते कायद्याचं असतं. सगळ्याच रिपोर्टात असतं." कागद ताणल्याचा आवाज झाला. लाडकीनं तो सोडला नसावा.

तेवढ्यात शैला सिस्टर सलाइनची बाटली बदलायला आल्या. लाडकीनं कागद त्यांच्यापुढं धरला. "ताई, एवढी एक ओळ सांगा."

सिस्टरनी ओळ आधी मनातल्या मनात वाचली. ती वाचायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या मर्जीनं," त्या हळू म्हणाल्या, "मुख्य गेटवरच्या आर्चला लाइटच्या माळा लावत होता, असं लिहिलंय. आर्च म्हणजे कमान." एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

कंपनीच्या वर्धापनदिनाची कमान. देवूला ती आठवली. माळा लावायला बाहेरून डेकोरेटरची माणसं आली होती. देवू तिच्याखालून नुसता कामावर येत होता आणि घरी जात होता. त्याला पॅनलपासून उचलून कुणीतरी कागदावर तिथं नेऊन भाजलं होतं, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नाही.

"टाइप करणाऱ्यानं घोळ घातलाय," विपुल साहेब म्हणाले. "द्या तो कागद, दुरुस्त करून आणतो."

"अक्षर चुकलं असंल, साहेब," देवू म्हणाला. "पण त्या एका अक्षरानं मला पार गेटावर कसं नेलं?"

साहेबांच्या पेनचं टोपण खटकन लागलं.

"दुसरा लिवून आणा. आर्कचा. हा ऱ्हाऊ दे आमच्याकडं."

स्टूल मागं सरकलं. बूट दारापर्यंत गेले, तिथं क्षणभर थांबले आणि मग जिना उतरले. लाडकी कागदाची घडी घालत होती. करकरीत कागद तिच्या हातात वाजत होता.

"काम जाईल तुमचं," ती म्हणाली.

"जाईल."

शेजारच्या खाटेवर दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यात भाजलेला माणूस होता. चार दिवसांत तो कण्हण्यापलीकडे काही बोलला नव्हता. आता तिकडे चाळवाचाळव झाली आणि उशीखालून कागद ओढल्याचा आवाज आला.

"भाभी," तो म्हणाला, "ये मेरावाला भी जरा गिन दो. मैंने तो कल ही अंगूठा लगा दिया."