टाचेमागचा दोर

"कोण आहे मागे?" सून ओरडली आणि गच्चीवर धपकन बसली.

टाचेच्या वर कुणीतरी काठीचा सणसणीत फटका मारावा तसं झालं होतं. पण मागे कुणीच नव्हतं. उड्या मारायची दोरी तेवढी पडली होती. कपडे वाळत घालणाऱ्या सासूबाई हातातली चादर टाकून धावल्या.

सून शाळेत खेळ शिकवायची. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यातच. घरात दोघीच. इमारत चार मजली आणि लिफ्ट नाही.

"आई, खालून कुणाला तरी बोलवा."

"कुणी येईस्तोवर तू म्हातारी होशील. चल, चढ पाठीवर."

सासूबाईंनी तीस वर्षं धुलाईच्या कारखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे वाहिले होते. साठी उलटली तरी पाठ ताठ. सुनेला घेऊन त्या एकेक मजला उतरू लागल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर मात्र एकदम थबकल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"काय झालं आई?"

"चप्पल सटकली. गप्प बस, बोललीस की जड होतेस."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली. चांगला पाय हलला. दुखऱ्या पायाचा पंजा ढिम्म.

"पोटरीला टाचेशी बांधणारा दोर असतो, अ‍ॅकिलीस टेंडन. तो तुटलाय. बूट घालू, आत टाचेखाली पाचरी. तुटकी टोकं जवळ राहिली की दोर आपोआप जुळतो. पण शेकण्यापुरता सोडला तर बूट झोपेतही काढायचा नाही. एक चुकीचं पाऊल आणि सगळं मुसळ केरात."

"चुकू देणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

आणि नाहीच दिलं. सुनेला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांनी वर पोहोचवलं, त्या दिवसापासून घराचा कारभार बदलला. फळीवरचे सगळे डबे खाली आले. "टाचा उंचावायची वेळच नको," सासूबाई म्हणाल्या. दर दोन आठवड्यांनी एक पाचर निघायची, ती तारीख त्यांनी भिंतीवर कोळशाने लिहून ठेवली. सुनेचा पाय शेकून झाला की उरलेला बर्फ आपल्या पायावर ठेवायच्या. "फुकट कशाला घालवायचा?"

सून कधी रडकुंडीला यायची. "माझ्याच्यानं नाही होणार, आई."

"तुझ्याच्यानं नाही तर कुणाच्यानं? पोरांना पळवतेस ना मैदानावर? मग पळ आता स्वतः."

जिना उतरायचा तर सून एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायची. सासूबाईही तशाच, तिच्या बरोबरीनं. सुनेला वाटायचं, आपल्याला लाज वाटू नये म्हणून किती सांभाळून घेतात! आयुष्यात एवढ्या धीराचं माणूस तिनं पाहिलं नव्हतं.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नुसत्या त्या पायावर उभ्या राहा. टाच उचला."

टाच थरथरली. उचलली गेली. एकदा, दोनदा, दहादा. सून हसत-रडत वळली. बाकावरच्या सासूबाई टाळ्या वाजवत उठल्या आणि तिच्याकडे यायला निघाल्या.

त्यांची चाल पाहून डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं.

"आजी, जरा तुम्हीही टाचा उचला बघू."

"मला कशाला या वयात परीक्षा?"

"उचला तर."

डावी टाच वर आली. उजवी जमिनीलाच. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्या टाचेच्या वरच्या भागावर बोटं फिरवली.

"हाही दोर तुटलाय. दुखापत जुनी आहे. कधी झालं हे?"

"त्याच दिवशी. जिन्यात."

"आणि तेव्हाच थांबला का नाहीत?"

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही.

"थांबू कशी? तेव्हा पाठीवर ही होती."